बापू म्हणाले, मांडा

चूक बापूंची होती. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी ‘पण परिस्थितीच तशी होती रे’ वगैरे सुरू करायला नको. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना परिस्थितीवर ढकलायची फार हौस. ना चूक परिस्थितीची, ना गेनूतात्यांची, ना मॅडमची. बापूंची.

आता किस्से. खाचरात तीन दिवस पसरलेली केबल गुंडाळायला घेतली की तिला कुसळं चिकटलेली असतात. कितीही झटका, चार राहतातच. मग उन्हाळ्यात कुठल्यातरी मंगल कार्यालयात ती केबल उलगडताना बोटाला टोचतं आणि आम्ही म्हणतो, हे रिह्याचं कुसळ. किस्स्यांचंही तेच. गोळा कुणी करत नाही, चिकटतात. मग टेम्पोत बसलं की एकाला टोचतं, तो सांगतो, तेवढ्यात दुसऱ्याला टोचतं.

रिह्याच्या खोऱ्यात भात निघाला की रिकाम्या खाचरांत दर हिवाळ्यात लोकसंगीताचा आणि जगभरच्या गाण्याबजावण्याचा फेस्टिव्हल भरतो. साउंड बापूंचं. बापू पौडचे, वय एकसष्ट, सुरुवात लग्नात आंब्याला भोंगे बांधण्यापासून. मी त्यांचा दोन नंबर. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि त्यांच्याकडे आलो. म्हाताऱ्या माणसांबद्दल माझं मत एकूण वाईट आहे. बापू अपवाद, पण तेही रोज नाहीत.

खालचं सगळं एकाच दिवसातलं. शेवटचा दिवस, रविवार.

*

सकाळी आठला स्पीकरमधून गुंईऽऽ असा आवाज यायला लागला. बारीक, पण कानात डास शिरल्यासारखा. पुण्याहून दोन इंजिनिअर मदतीला आले होते, डिग्रीवाले. त्यांनी लॅपटॉप उघडला, आलेख काढले, अर्थिंग तपासलं, एकेक केबल काढून पुन्हा लावली. पाऊण तास गेला. बापू बांधावर बसून दात घासत होते. चूळ भरली आणि म्हणाले, “कुणीतरी मिक्सर लावलाय.”

एक डिग्रीवाला वैतागून म्हणाला, “बापू, मिक्सर तुमच्यासमोरच आहे. तो लावल्याशिवाय आवाज कसा येईल?”

आमच्या धंद्यात कन्सोललाही, म्हणजे सगळे आवाज जुळवायच्या बटणांच्या पाटालाही, मिक्सर म्हणतात. बापूंनी ब्रश खिशात खोचला आणि जेवणाच्या तंबूमागे गेले. तिथं महाळुंग्याची एक ताई स्टेजच्या लाइनीतून वायर ओढून, योगावाल्या मंडळींसाठी पालकाचा रस काढत होती. बापूंनी प्लग उपटला. गुंई बंद. ताई भांडत मागून येतीय आणि बापू तिचं भांडं दोन्ही हातांत धरून पुढं, असे दोघं कन्सोलपाशी आले.

बापूंनी भांडं डिग्रीवाल्यासमोर ठेवलं. “ह्यो मिक्सर. तुमच्या पुस्तकात न्हवता?”

मग त्यातला एक ग्लास त्याला प्यायलाही लावला. ताईची समजूत तशी पटली.

*

नऊला मॅडमची मीटिंग. मॅडम म्हणजे फेस्टिव्हलच्या सर्वेसर्वा, पुण्याच्या. ‘माती’, ‘मुळं’ आणि ‘ऑथेंटिक’ हे शब्द त्या दिवसातून पन्नास वेळा उच्चारतात आणि खाचरात पांढरे बूट घालून फिरतात. पण खोटं कशाला बोलू, बाई कामाला वाघीण आहे. पत्नी आजारी असलेल्या ढोलकीवाल्याला स्वतःच्या गाडीतून सूसपर्यंत सोडून परत वेळेत हजर झालेली मी पाहिली आहे.

त्यांनी सरळ सांगितलं. संध्याकाळी चार ते सूर्यास्त सांगतेचा कार्यक्रम, आणि यंदा पहिल्यांदाच तो थेट जगभर दिसणार. सुरुवात गेनूतात्यांच्या धनगरी ओवीनं, वीस मिनिटं. पुढं आफ्रिकेहून आलेला बँड. मुंबईच्या एका साउंड एजन्सीची दोन माणसं दिवसभर बघायला येणार आहेत, कमिटीतल्या काहींना पुढच्या वर्षी तीच एजन्सी हवी आहे.

“बापू, मी तुमच्यासाठी भांडलेय,” मॅडम म्हणाल्या. “आजची सांगता मिनिटाला मिनिट झाली, तर कन्सोल तुमचंच. गडबड झाली तर माझ्याकडे बोलायला काही उरणार नाही.”

तेरा वर्षं ते कन्सोल बापूंचं होतं. पहिल्या वर्षी जनरेटर बंद पडल्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर माईक चालवून त्यांनी फेस्टिव्हल वाचवला होता. हे कमिटीतल्या एकाही शहाण्याला आठवलं नाही. आठवणार कसं? तेव्हा ते सगळे पळत गाड्यांकडे गेले होते.

बापू फक्त ‘बरं’ म्हणाले. थोड्या वेळानं एजन्सीचे दोघं आले, काळे टी-शर्ट, पाठीला लॅपटॉप. बापूंनी त्यांच्यासाठी स्वतः खुर्च्या आणल्या आणि कन्सोलच्या मागं बरोब्बर मध्यावर ठेवल्या.

“हितं बसा,” म्हणाले. “समद्यात चांगलं हितं ऐकू येतं. समद्यात वाईट तितं, त्या सोफ्यावर. तितं कमिटी बसती.”

*

सकाळच्या गाण्याच्या बैठकीनंतर सत्कार. फेस्टिव्हलची चार खाचरं माझ्या थोरल्या चुलत्यांची, आबांची. त्यामुळे दरवर्षी शेवटच्या दिवशी आबांना शाल, नारळ आणि ‘दोन शब्द’. आमच्याकडे म्हाताऱ्याला मान द्यायचा म्हणजे त्याच्या हातात माईक द्यायचा, आणि एकदा दिला की परत घ्यायची सोय नाही. आबांचे दोन शब्द गेल्या वर्षी पन्नास मिनिटं चालले होते. त्यात त्यांनी खोऱ्यातल्या प्रत्येक बोअरचा इतिहास सांगितला होता.

यंदा मॅडमनी बापूंना हात जोडून सांगितलं, पाच मिनिटं.

आबा सुरू झाले. चौथ्या मिनिटाला मी पाहिलं, बापूंचं बोट फेडरवर. फेडर म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी. ती त्यांनी केसभर खाली घेतली, मग पुन्हा केसभर. लोकांना कळणार नाही, पण बोलणाऱ्याला काहीतरी बिघडल्यासारखं वाटेल, इतकंच. आबा खाकरले. आवाज चढवला. बापूंनी आणखी केसभर खाली. आबांनी पाणी मागितलं, गळ्यावरून हात फिरवला, पुन्हा खाकरले आणि पुटपुटले, “घसा बसला जणू.” शाल सावरत खाली उतरले. घड्याळात साडेसहा मिनिटं.

दुपारी आबा स्वतः बापूंकडे आले. गाणाऱ्या लोकांत वावरता, घशाला काय घेतात ते सांगा म्हणाले. बापूंनी गंभीर चेहऱ्यानं पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढून दिली आणि पथ्य सांगितलं: “वरीसभर भाषान करू नका.”

आबा पाळतायत अजून.

*

बारानंतर खोऱ्यात वारा सुटतो. माईकवर वारा आपटला की स्पीकरमध्ये तंबू फाटल्यासारखं ऐकू येतं, म्हणून माईकला स्पंजाच्या टोप्या घालतात. आमच्या टोप्यांचं पोतं शनिवारी रात्री एका डिग्रीवाल्यानं बसायला घेतलं होतं आणि तिथंच सोडलं होतं, आणि गेनूतात्यांच्या शेळ्यांना स्पंज आवडतो हे त्या दिवशी सगळ्यांना समजलं.

डिग्रीवाले फोनवरून टोप्या मागवायच्या गोष्टी करायला लागले. रविवारी, रिह्यात! बापूंनी मला विचारलं, “तुझ्या वहिनीचं पोरगं केवढं झालं?”

चार महिन्यांचं, म्हणालो.

“पळ मग. टोपडी आन. लोकरीचीच पायजेत.”

वहिनीनं आधी माझ्याकडे असं पाहिलं, की हा कॉलेजच काय, अक्कलही सोडून आलाय. मग ट्रंक उघडली. बारशाला आलेली नऊ टोपडी होती, गुलाबी, पोपटी, एकाला कानाशी गोंडे. स्टेजवर पुढच्या नऊ माईकना टोपडी चढली, नाड्या मानेशी बांधल्या. ओळीनं नऊ बाळं उभी असल्यासारखी दिसत होती. वारा मात्र गप्प. एजन्सीवाल्यांपैकी एकजण उठून स्टेजवर गेला, एका टोपड्याला बोटानं चाचपून आला आणि खाली बसून काहीतरी लिहून घेतलं.

मॅडमनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “बापू, हे काय? गोंडे?”

बापू म्हणाले, दुपारपुरतं चालवून घ्या.

अर्ध्या तासानं फोटो सगळीकडे फिरायला लागला आणि लोक मॅडमना फोन करून कौतुक करायला लागले. मी जवळच केबल ओढत होतो. मॅडम फोनवर सांगत होत्या, “येस, येस, दॅट्स द होल कन्सेप्ट. लोरी. मातृत्व. आम्ही सहा महिने त्यावर काम करत होतो.”

*

आफ्रिकेहून आलेल्या बँडचा मुख्य माणूस मामादू. पहिल्या दिवसापासून सगळा गाव त्याला ‘मामा’ म्हणायला लागला आणि तोही ‘ओ’ द्यायला लागला. त्याचं वाद्य म्हणजे एवढा मोठा अर्धा भोपळा, त्याला कातडं मढवलेलं, उभा दांडा आणि एकवीस तारा. आवाज असा, की तांब्यातून पाणी पडावं.

बापूंना इंग्रजी येत नाही, मामाला मराठी नाही. डिग्रीवाल्यांनी बँडकडून आलेला कागद काढला, त्यात माईक कुठं लावायचा त्याचं चित्र होतं. बापूंनी कागद बाजूला ठेवला, भोपळ्याजवळ उकिडवे बसले आणि बाजारात कलिंगड बघतात तसं बोटाच्या पेरानं वाजवून बघायला लागले. टक. टक. कान लावून. एके ठिकाणी थांबले, खडूची खूण केली. “हितं बोलतोय ह्यो.”

डिग्रीवाला घाबरला. परदेशी कलाकार, त्याचं वाद्य, आणि आमचा म्हातारा ते ठोकतोय! तो माफी मागायला लागला. मामानं त्याला हातानं थांबवलं. तोही उकिडवा बसला, बापूंच्या टकलावर पेरानं वाजवलं, टक, टक, कान लावून ऐकलं, आणि खडू मागून घेऊन बापूंच्या डाव्या कानामागं खूण केली.

बापूंनी ती खूण दिवसभर पुसली नाही.

*

जेवणाच्या वेळी वडील आले. दोन वर्षांत माझ्या कामावर पहिल्यांदाच. मी बांधावर बसून केबल आठाच्या आकारात गुंडाळत होतो. वडिलांनी आजूबाजूला कोण कोण आहे ते नीट बघून घेतलं, म्हणजे अपमान वाया जायला नको, आणि सुरू केलं. जमिनीचा तुकडा विकून इंजिनिअर करायला पाठवला, आणि हा दोरखंड वळतोय. शेळ्या वळणाऱ्याला निदान शेळ्या तरी असतात.

मी काहीतरी बोलणार होतो. जे बोलणार होतो त्यानंतर मला घरी जेवायला मिळालं नसतं. बापू मधे आले. पिठलं-भाकरीचं ताट वडिलांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “एक सांगू का? तुमच्या पोराला ऐकू येतं. वीस वाद्यं वाजत असली तरी कुठली तार उतरलीय ते ह्यो सांगतो. असा कान मला चाळीस वर्षांत दोनदा भेटला. कॉलेजात ह्ये शिकवत न्हाईत.”

माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं. मी गुंडाळलेली केबल उलगडून पुन्हा गुंडाळायला घेतली.

वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, शांतपणे खाल्ला. मग म्हणाले, “ऐकू येतं व्हय? मग घरी का ऐकत न्हाई?”

सगळी पंगत हसली. एजन्सीवालेही हसले. बापू तर इतके हसले, की त्यांना ठसका लागला. हरामखोर माणसं. पण वडील चारपर्यंत थांबले, हेही सांगायला पाहिजे.

*

आता गेनूतात्या.

गेनूतात्या आणि त्यांचे पाच गडी वरच्या वाडीचे, मेंढरं-शेळ्या राखणारे. दोन ढोल, झांजा, आणि तात्यांचा आवाज. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण कानावर हात ठेवून सूर लावला की समोरच्या डोंगराला उत्तर द्यावंच लागतं. त्यांची ओवी म्हणजे देवाची अख्खी कथा, गाऊन सांगितलेली. सुरुवातीला देवाचं स्मरण करतात, त्याला सुंबरान म्हणतात. सुंबरान गात नाहीत, ‘मांडतात’. मॅडमनी त्यांना महिनाभर आधी समजावलं होतं, की वीस मिनिटांत बसेल एवढंच गायचं. तात्यांनी विचार करून एक छोटा प्रसंग निवडला होता आणि वाडीत तो दोनदा म्हणून पाहिला होता. घड्याळ लावून, सुंबरान न मांडता. बिचाऱ्यांनी खरंच मेहनत घेतली होती.

दुपारी सव्वादोनला साउंडचेक. साउंडचेक म्हणजे कार्यक्रमाआधी रिकाम्या मैदानात प्रत्येकानं थोडं थोडं वाजवून दाखवायचं, आम्ही आवाज बसवायचा. तात्यांना दहा मिनिटं, मग मामाच्या बँडला एक तास, कारण त्यांचे अठरा माईक. साडेतीनला गेट पुन्हा उघडणार, चारला थेट कार्यक्रम. सगळं कागदावर लिहून स्टेजच्या खांबाला चिकटवलं होतं.

तात्या आणि मंडळी स्टेजवर चढली. ढोल खांद्यालाच, झांजा पिशवीतच. कन्सोलपासून स्टेज लांब, म्हणून आमच्याकडे एक छोटा माईक असतो. त्याचं बटण दाबून बोललं की आवाज स्टेजवरच्या छोट्या स्पीकरच्या डब्यातून येतो. बापूंचा कामाचा एक शब्द आहे. माईक मांडा, स्टँड मांडा, वाद्यं मांडा. भोंग्यांच्या काळापासून कुठलीही गोष्ट जागेवर ठेवायची म्हणजे त्यांच्या तोंडी ‘मांडा’. बापूंनी बटण दाबलं आणि म्हणाले, “तात्या, मांडा आता.”

तात्यांनी डब्याकडे पाहिलं. गड्यांकडे पाहिलं. एकानं खांद्यावरचं घोंगडं नीट केलं. तात्यांनी चपला काढल्या, कानावर हात ठेवला आणि सुंबरान मांडलं.

पहिली पाच मिनिटं आम्ही आवाज बसवला. सहाव्या मिनिटाला मी म्हणालो, बास, झालं, थांबवू या. बापूंचा अंगठा बटणावर गेला आणि तिथंच राहिला. दाबला नाही.

मी म्हणालो, “बापू, ते थांबणार नाहीत आपले आपण. सुंबरान मांडलं की अख्खी कथा लावतात ते. सांगा ना.”

“मांडलंय त्यानं,” बापू म्हणाले. “देव बोलावून बसवलाय. आता मधीच ऊठ म्हणून सांगायचं?”

मी त्या माणसाला दोन वर्षं ओळखतो. सत्कारात माझ्या सख्ख्या चुलत्याचा गळा दाबताना ज्याचं बोट हललं नाही, तो हा माणूस. मी ओरडलो. एजन्सीवाल्यांच्या समोर ओरडलो, की तेरा वर्षं घालवताय तुम्ही एका शब्दापायी. बापूंनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते काम करत होते. रिकाम्या खुर्च्या, कडक ऊन, समोर एकही तिकीटवाला नाही, आणि म्हातारा असा साउंड करत होता की समोर लाख माणूस आहे. तात्या श्वास घ्यायचे तेव्हा केसभर खाली, सूर उचलायचे त्याच्या आधी अर्धा क्षण वर. ढोलाचा घुमारा पोटात लागायचा, पण त्याखाली झांजेचा एक ठोका दबला नाही. दोन वर्षांत मी असं मिक्सिंग ऐकलं नव्हतं. मी शिव्या देत होतो आणि अंगावर काटा होता.

हळूहळू स्वयंपाकघरातल्या बायका हात पुसत आल्या. पार्किंगची पोरं आली. सिक्युरिटीवाले बिहारी भाऊ गेट सोडून आले. वडील बांधावरून उठून पुढच्या रांगेत जाऊन बसले, कमिटीच्या सोफ्यावर. मामा आणि त्याचा बँड आपापली वाद्यं घेऊन त्यांच्या वेळेला, अडीचला, हजर झाले. डिग्रीवाला त्यांना काय झालंय ते समजावत होता. मामानं थोडं ऐकलं, भोपळा गवतावर ठेवला आणि शेजारी मांडी घातली. त्याची स्वतःची वेळ सरत होती, हे त्याला दिसत होतं.

मॅडम तेव्हा पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना घ्यायला गेल्या होत्या. त्या असत्या तर कदाचित वाचलो असतो.

साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना कथा संपली. तात्यांनी स्टेजला हात लावून नमस्कार केला. घाम पुसला. टाळ्या वाजवणारी माणसं असतील साठ-सत्तर. गेट उघडलं आणि सूसच्या, महाळुंग्याच्या सोसायट्यांतली माणसं चटया घेऊन आत शिरली. मामाचं साउंडचेक झालंच नाही.

चार वाजता दिवे लागले, कॅमेरे सुरू झाले. सूत्रसंचालिकेनं इंग्रजीत आणि मराठीत तात्यांचं नाव घेतलं. तात्या एकटेच वर चढले. गोंड्याच्या टोपड्यातल्या माईकसमोर उभे राहिले आणि जगभरच्या लोकांना म्हणाले, “आमचं मगाशीच झालंय. एका दिसात दोनदा मांडत न्हाईत. बापूंनी ऐकलंय समदं, त्यास्नी इचारा.”

हात जोडले आणि उतरून गेले.

मग जे व्हायचं तेच झालं. मामाच्या बँडला ढकलत वर आणलं. अठरा माईक, एकाचाही आवाज बसवलेला नाही. भोपळ्याला लावलेल्या माईकनं अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतली पोरं कानावर हात ठेवून रडायला लागली. एक ढोलक दिसतंय, ऐकू येत नाही. मामा हातानं वर-वर अशी खूण करतोय. बापू आणि मी चार हातांनी कन्सोलवर. तीन मिनिटांत सगळं जागेवर आलं आणि पुढचे दोन तास सोन्यासारखे गेले. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत एक माणूस उठला नाही. पण मोजायला बसलेल्यांनी मोजली ती तीन मिनिटं.

कार्यक्रमानंतर स्टेजमागं मॅडम तात्यांवर धावून गेल्या. साउंडचेक म्हणजे काय ते कळत नव्हतं तर विचारायचं होतं, महिनाभर आम्ही समजावत होतो, सगळ्या जगासमोर तुम्ही आम्हाला... कमिटीतली म्हातारी मंडळी मागं उभी राहून माना हलवत होती. त्यांतला एक म्हणाला, या लोकांना स्टेजची शिस्त नसतेच. एजन्सीचे दोघं बाजूला लॅपटॉप आवरत होते.

तात्या गोंधळून गेले होते. हातातली चप्पल त्यांनी अजून पायात घातली नव्हती. “आमाला मांडा म्हनले, बाई,” ते म्हणाले. “म्हनून मांडलं.”

“कोण म्हणालं?”

“ते न्हाई ठावं. डब्यातनं आवाज आला.”

कोणाचा आवाज ते तात्यांना माहीत नव्हतं. कन्सोलवर आम्ही चौघं होतो. दोन डिग्रीवाले जमिनीकडे बघत होते, आणि मागं बसून सगळं ऐकलेले एजन्सीवाले लॅपटॉपमधून मान वर काढत नव्हते. मी बापूंचा सदरा मागून धरला आणि हळूच म्हणालो, गप बसा. पाया पडतो, गप बसा. कुणाला कळणार नाही.

बापूंनी माझी बोटं सोडवली आणि पुढं गेले.

“आवाज माझा व्हता,” म्हणाले. “मीच मांडा म्हनलो. आन कळल्यावर थांबवायचं बटन बी माझ्याच हातात व्हतं, तासभर. म्या दाबलं न्हाई.”

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. “का?” एवढंच म्हणाल्या.

“चांगलं चाललं व्हतं,” बापू म्हणाले.

पुढच्या वर्षीपासून कन्सोल मुंबईच्या एजन्सीकडे गेलं.